ठसका आणि धाप

दसऱ्याच्या सुमाराला येलदरीच्या परिसरात गेलात, तर दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पाऊस चांगला झालेला असेल तर पूर्णा नदीवरच्या धरणात पाणी तुडुंब भरलेले असते आणि आजूबाजूच्या शिवारात सोयाबीनची मळणी जोरात चालू असते. यंत्राच्या एका तोंडातून दाणे पडतात, दुसऱ्या तोंडातून भुसकट उडते. त्या भुसकटाची बारीक, करडी धूळ वाऱ्याबरोबर लांबवर जाते. यंत्राजवळची माणसे तोंडाला रुमाल बांधतात, बायका पदर घट्ट ओढून घेतात. बहुतेकांना धुळीचा तेवढ्यापुरता त्रास होतो. काहींना मात्र रात्री झोपेतून उठून बसावे लागते, छातीत शिट्टी वाजते, श्वास बाहेर सोडणे अवघड होते. यालाच आपण दमा म्हणतो.

याच गावांत चैत्र-वैशाखात आणखी एक धूळ उडते, ती म्हणजे मिरचीची. वर्षाचे तिखट करण्यासाठी मिरच्या देठ खुडून, वाळवून, भाजून कांडपावर नेल्या जातात. एका घरात मिरची भाजली, तर चार घरांतली माणसे खोकत बाहेर येतात.

या भागात शिकवणाऱ्या एका शिक्षकमित्राने मला विचारले, 'मिरचीचा ठसका आणि मळणीची धाप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच?' प्रश्न साधा वाटला. उत्तरासाठी वाचू लागलो तेव्हा लक्षात आले, की वैद्यकशास्त्राने या प्रश्नाची दोन-तीन वेळा वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि आजही त्यावरचा वाद पूर्ण मिटलेला नाही.

वरवर पाहता फरक स्पष्ट आहे. मिरचीचा ठसका सर्वांना लागतो. तो पहिल्याच वेळी लागतो, एक-दोन सेकंदांत लागतो आणि बाहेर मोकळ्या हवेत आले की थोड्या वेळाने जातो. सोयाबीनच्या धुळीची धाप थोड्यांनाच लागते. ज्यांच्या शरीराने ती धूळ पूर्वी 'पाहिलेली' आहे आणि तिच्याविरुद्ध तयारी करून ठेवली आहे, त्यांनाच ती लागते. तिला काही मिनिटे लागतात, आणि पुष्कळदा काही तासांनी दुसरा झटका येतो. पहिली गोष्ट चेतासंस्थेची, दुसरी रोगप्रतिकारसंस्थेची. आपल्या पाठ्यपुस्तकांतही ही दोन वेगळी प्रकरणे असतात आणि पुष्कळदा त्यांच्यामध्ये दिवाळीची सुटी येते. ही दोन प्रकरणे एकमेकांना जोडली कशी गेली, त्याचा हा इतिहास आहे.

सोयाबीनच्या धुळीने काय होऊ शकते, याचा मोठा दाखला येलदरीपासून फार दूर, स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात मिळाला. १९८१ ते १९८७ या काळात तेथे २६ वेळा दम्याच्या साथी आल्या. एखाद्या दिवशी अचानक रुग्णालयांत दम्याच्या रुग्णांची रीघ लागे, आणि पुढच्या दिवशी सारे शांत. दमा हा काही संसर्गजन्य रोग नव्हे. मग त्याची साथ कशी येणार? संशोधकांनी बंदराच्या नोंदी तपासल्या. त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते. ज्या कोठारात धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या, तेथून शेंगांच्या टरफलांतली प्रथिने वाऱ्यावर शहरात जात होती. गाळण्या बसवल्यावर साथी आटोक्यात आल्या. मराठवाड्यात १९९०च्या दशकापासून सोयाबीनने ज्वारी आणि कापसाची बरीच जागा घेतली आहे, तेव्हा बार्सिलोनाचा हा धडा आपल्यालाही परका नाही.

मात्र दम्याच्या अभ्यासाची सुरुवात काही प्रथिनांपासून झाली नाही. ती झाली चेतातंतूंपासून.

लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातले हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दम्याचे रुग्ण होते. १८६० साली त्यांनी दम्यावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात ठामपणे मांडले, की दमा हा मुळात चेतासंस्थेचा आजार आहे. श्वासनलिकांभोवती स्नायूंची कडी असतात. चेतातंतूंच्या आज्ञेने ती आवळली जातात आणि वाट अरुंद होते. मांजराच्या सहवासानेही झटका येतो, हे त्यांनी नोंदवले होते आणि उपाय म्हणून कडक कॉफीची शिफारस केली होती. कॉफीतले कॅफिन श्वासनलिका थोड्या सैल करते, हे आपल्याला आज माहीत आहे. म्हणजे उपाय अगदीच चुकीचा नव्हता.

सॉल्टर यांच्या म्हणण्याला पुष्टी देणारा एक उपाय भारतातून युरोपात गेला होता. धोत्रा! दम्यासाठी धोत्र्याचा धूर ओढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदातल्या कनकासवातले 'कनक' म्हणजेही धोत्राच. १८०२च्या सुमारास मद्रासमधून ही रीत एडिंबरोला पोहोचली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपात दम्याच्या 'सिगारेटी' विकल्या जात होत्या. धोत्र्यातले अ‍ॅट्रोपिनसारखे पदार्थ 'व्हेगस' या मोठ्या चेतेच्या (मराठीत हिला प्राणेशा म्हणतात) प्रेरक तंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाहीत. आज दमा आणि धुराच्या फुप्फुसविकारांत वापरली जाणारी इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही श्वसनौषधे याच कुळातली आहेत. (धोत्रा विषारी आहे. घरी प्रयोग करू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.)

१८८६ साली बाल्टिमोरच्या जॉन मॅकेन्झी यांनी तर कमालच केली. गुलाबाजवळ गेले की शिंका आणि धाप लागणाऱ्या एका बाईसमोर त्यांनी हुबेहूब दिसणारे कृत्रिम गुलाबाचे फूल धरले. बाईंना झटका आला. परागकण नाहीत, वास नाही, नुसते दर्शन. मग दमा मेंदूतून येतो असे का म्हणू नये?

येथेच एक घसरण सुरू झाली. 'चेतासंस्थेचा आजार' याचा अर्थ हळूहळू 'मनाचा आजार' असा होऊ लागला. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत फ्रान्झ अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याला मनोकायिक आजारांच्या यादीत बसवले. दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेले रडणे, असे त्या काळी गंभीरपणे लिहिले गेले. पुष्कळ आया विनाकारण अपराधी ठरल्या. आपल्याकडे कोणी असले ग्रंथ वाचले नव्हते, तरी 'पोर लाडावले आहे, शाळा चुकवायला नाटक करते' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, कदाचित कधी म्हटलेही असेल. मॅकेन्झींच्या प्रयोगातून खरे तर एवढेच दिसत होते, की शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया श्वासमार्गावर परिणाम करू शकते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटे, म्हणून काही त्याची भूक खोटी ठरत नाही.

दुसऱ्या बाजूने रोगप्रतिकारशास्त्र पुढे येत होते. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात, डोळ्यांत आणि खरवडलेल्या त्वचेवर घालून पाहिले, पतंग उडवून उंचावरच्या हवेतले पराग मोजले आणि १८७३ साली सिद्ध केले, की उन्हाळी पडशाचे कारण पराग हेच आहे. १९०६ साली 'अ‍ॅलर्जी' हा शब्द आला. १९२१ साली प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर यांनी दाखवले, की मासे न सोसणाऱ्या माणसाचा रक्तद्रव दुसऱ्याच्या त्वचेत टोचला, तर ती अ‍ॅलर्जी त्या जागेपुरती दुसऱ्यात जाते. १९६६-६७ साली इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये रक्तद्रवातला तो 'गुन्हेगार' शोधला. ते होते आयजीई नावाचे प्रतिपिंड. पराग किंवा धूळ आली, की स्तंभपेशींवर बसलेले हे प्रतिपिंड त्यांना पकडते, पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात, हिस्टामिन बाहेर पडते आणि दाह सुरू होतो. चित्र इतके स्वच्छ होते, की चेतातंतूंची आठवण ठेवायची कोणाला गरज उरली नाही. दम्याच्या पुस्तकांतून ते जवळजवळ हद्दपार झाले.

त्यांना परत आणले मिरचीने.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. एके काळी मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत. हंगेरीत ती तुर्कांमार्फत पोहोचली आणि तेथल्या स्वयंपाकात आपल्या इतकीच रुजली. तेव्हा मिरचीवरचे पहिले गंभीर शरीरशास्त्रीय संशोधन हंगेरीत व्हावे, हे साहजिकच म्हणायचे. (ते आपल्याकडे का झाले नाही, हा प्रश्न मनात येतो खरा.) १८७८ साली एन्द्रे होग्येश यांनी मिरचीचा अर्क प्राण्यांवर वापरून सांगितले, की हा पदार्थ मुख्यतः संवेदी चेतातंतूंवर काम करतो.

दरम्यान संवेदी चेतातंतूंविषयी एक विचित्र गोष्ट कळली होती. आपण वर्गात काय शिकवतो? संवेदी चेतापेशी निरोप आत नेते, प्रेरक चेतापेशी आज्ञा बाहेर आणते. रस्ता एकेरी. पण १८७६ साली व्हिएन्नात स्ट्रिकर यांना आणि १९०१ साली लंडनमध्ये बेलिस यांना आढळले, की मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संवेदी तंतूंना उद्दीपित केले तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुगतात. म्हणजे निरोप आत नेणारा तंतू बाहेरच्या टोकालाही काही तरी करत होता. एडिंबरोच्या निनियन ब्रूस यांनी १९१०च्या सुमारास आणखी पुढे जाऊन दाखवले, की प्राण्याच्या डोळ्यात मोहरीचा झोंबणारा अर्क घातला की डोळा लाल होऊन सुजतो. पण डोळ्याकडे जाणारी संवेदी चेता आधी कापून ती पूर्ण झडू दिली, तर तोच अर्क घालूनही डोळा सुजत नाही. दाह होण्यासाठी चेतातंतू हवे होते!

टॉमस लुईस यांनी १९२७ साली ग्रंथरूपाने मांडलेला प्रयोग तर वर्गात करता येतो. हाताच्या आतल्या बाजूवर फूटपट्टीच्या बोथट कडेने जरा जोर देऊन एक रेघ ओढा. काही सेकंदांत रेघेच्या जागी तांबडेपणा येतो. थोड्या वेळाने तिच्या दोन्ही बाजूंना तांबूस छटा पसरते. काहींच्या हातावर रेघ थोडी फुगूनही येते. (गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर दुसरी पायरी चटकन दिसत नाही, तेव्हा चार-पाच मुलांचे हात पाहावेत.) पहिला तांबडेपणा आणि फुगवटा स्थानिक रसायनांचा. पण पट्टी जेथे लागलीच नाही, तेथे छटा कशी पसरली? लुईस यांनी पाहिले, की त्या भागाची चेता नुकतीच कापलेली असेल, तरी छटा पसरते. ती झडून गेल्यावर मात्र पसरत नाही. म्हणजे यात मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा हात नाही. जे काय घडते ते चेतातंतूच्या टोकाच्या फांद्यांमध्येच.

ते असे घडते. संवेदी तंतूच्या टोकाला झाडासारख्या फांद्या असतात. एका फांदीला टोचले, की आवेग मुख्य खोडाकडे निघतो. पण दुबेळक्यावर पोहोचला, की तो वर तर जातोच, शिवाय दुसऱ्या फांदीतून खाली उलटही येतो आणि तिच्या टोकाशी रसायने सांडतो. गावात चोर शिरल्याची खबर घेऊन कोतवाल तालुक्याला निघाला. पण वेशीपर्यंत पोहोचायच्या आतच त्याने गावभर आरोळी ठोकली आणि लोक काठ्या घेऊन बाहेर पडले, असा हा प्रकार आहे. याला अक्षतंतू-प्रतिक्षेप म्हणतात. नाव भारदस्त, गोष्ट सोपी.

हा धागा मिक्लोश यान्चो यांनी उचलला. ते हंगेरीतल्या सेगेद शहरात औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. याच सेगेदमध्ये सेंट-ज्यॉर्जी यांनी ढोबळ्या मिरचीपासून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळे केले होते. १९३७ च्या नोबेलची ती गोष्ट आपण शिकवतोच. यान्चो यांचे लक्ष तिखट मिरचीतल्या कॅप्सेसिनवर होते. १९४०च्या दशकात त्यांना दिसले, की उंदीर-गिनीपिगांना कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा दिले, तर काही काळाने त्यांना तिखट लागेनासे होते. एवढेच नव्हे, तर मोहरीसारखे इतर झोंबणारे पदार्थही त्यांना झोंबत नाहीत. डोळ्याला कापूस लावला तर पापणी मिटते. म्हणजे स्पर्श कळतो. फक्त रासायनिक झोंबणे गेलेले. याचा अर्थ झोंबणे कळवणारे तंतू वेगळे असले पाहिजेत आणि कॅप्सेसिनने नेमके तेच निकामी केले.

मग त्यांनी दाहाचा प्रश्न हाती घेतला. रक्तात निळा रंग सोडायचा आणि त्वचेला मोहरीचा अर्क लावायचा. दाह झाला, तर रक्तवाहिन्या गळू लागतात आणि त्वचा निळी दिसते. साध्या उंदराची त्वचा निळी झाली. कॅप्सेसिनने बधिर केलेल्या उंदराची झाली नाही. मात्र त्याच बधिर उंदराला हिस्टामिन टोचले, तर निळा डाग आला. म्हणजे रक्तवाहिन्या धडधाकट होत्या, फक्त त्यांना इशारा देणारे कोणी उरले नव्हते. शेवटी त्यांनी संवेदी चेता कापून तिच्या बाहेरच्या टोकाला विजेचा सौम्य धक्का दिला. अर्क नाही, पराग नाही, जंतू नाही, तरी त्वचा निळी झाली! 'चेताजन्य दाह' हा शब्दप्रयोग या कामातून रूढ झाला. पत्नी ऑरेलिया आणि तरुण सहकारी यानोश सोलचानी यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात १९६७ साली छापून आला. यान्चो आदल्याच वर्षी वारले होते.

तारीख लक्षात घ्या. आयजीई सापडले तेही १९६६-६७ साली. दोन्ही शोध एकाच वेळचे. एकाने जग व्यापले, दुसरा काही प्रयोगशाळांपुरता राहिला.

चेतातंतूच्या टोकातून सांडणारा पदार्थ कोणता, हेही तोपर्यंत अर्धे माहीत होते. १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या आतड्यातून आणि मेंदूतून एक भुकटी काढली होती. तिला त्यांनी नुसतेच 'पी' हे अक्षर दिले. चाळीस वर्षांनी, १९७१ साली, सूझन लीमन आणि सहकाऱ्यांनी तिची रचना सांगितली: अकरा अमिनो आम्लांची छोटी साखळी. हाच 'पी पदार्थ' संवेदी तंतूंच्या टोकांत साठवलेला असतो. तो रक्तवाहिन्या सैल आणि गळक्या करतो आणि श्लेष्मा वाढवतो.

आता त्वचेवरून श्वासमार्गात शिरायचे होते. फुप्फुसांकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेतले बहुसंख्य तंतू संवेदी असतात, आणि त्यांत पातळ, आवरण नसलेले, सावकाश चालणारे 'सी' तंतू पुष्कळ. या बारीक तंतूंची ओळख करून देणाऱ्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे पुढे संचालक झालेले अवतारसिंग पैंटल यांनी १९५५ साली फुप्फुसातल्या अशा संवेदी टोकांचे आवेग नोंदवले. त्यांना आज 'जे' ग्राही म्हणतात. १९८३ साली स्टॉकहोममध्ये लुंडबर्ग आणि सारिया यांनी यान्चोंचा निळा प्रयोग उंदरांच्या श्वासनलिकेत केला. सिगारेटचा धूर दिला, श्वासनलिकेची अंतस्त्वचा गळू लागली आणि सुजली. आधी कॅप्सेसिनने बधिर केलेल्या उंदरांत ती सुजली नाही.

तीन वर्षांनी, १९८६ साली, लंडनच्या पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख लिहून विचारले: दमा हा अक्षतंतू-प्रतिक्षेप तर नसेल? दम्यात श्वासनलिकेचे आतले अस्तर जागोजाग सोलवटलेले असते. संवेदी टोके उघडी पडतात. स्तंभपेशींची रसायने त्यांना झोंबतात, आवेग उलट फिरतो, पी पदार्थ सांडतो, सूज वाढते, आणि वाढलेली सूज टोकांना पुन्हा झोंबते. अ‍ॅलर्जीने पेटवलेली काडी, चेतातंतूंनी घातलेला वारा. सॉल्टर आणि ब्लॅक्ली एकाच चित्रात बसले.

कल्पना सुंदर होती. औषध कंपन्यांनी पी पदार्थाला अडवणारी औषधे बनवली आणि १९९०च्या दशकात ती दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिली. निराशा झाली. उंदरात जे होते ते माणसात त्या प्रमाणात होत नव्हते. माणसाच्या श्वासनलिकेत पी पदार्थ बाळगणारे तंतू उंदीर किंवा गिनीपिगाच्या मानाने पुष्कळ विरळ असतात. सुंदर कल्पनेला असा धक्का बसला, की ती खोटी होती असे म्हणण्याचा मोह होतो. मला वाटते, येथे घाई झाली. एक पदार्थ अडवून उपयोग झाला नाही, यावरून त्या तंतूचे काहीच काम नाही असे ठरत नाही.

याच काळातली एक भयंकर घटना या इतिहासाशी नंतर जोडली गेली. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मेथिल आयसोसायनेट वायू सुटला. वाचलेल्यांनी सांगितले ते असे, की जणू कोणी मिरच्या जाळल्या आहेत. त्या दुर्घटनेतले काही रुग्ण मुंबईला आले. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची फुप्फुसे तपासून १९८५ सालीच रुग्णालयाच्या नियतकालिकात निरीक्षणे प्रसिद्ध केली. मिरचीची उपमा लोकांनी दिली होती. ती किती नेमकी होती, हे कळायला पाव शतक जावे लागले.

त्यासाठी आधी मिरचीचे कुलूप सापडावे लागले. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने चेतापेशींच्या पटलावरचे ते प्रथिन शोधले, ज्यावर कॅप्सेसिन बसते. त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णताही तेच प्रथिन ओळखते, म्हणून तिखट 'भाजते'. या कामाला २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याचेच भावंड टीआरपीए-१ मोहरीचा झणका, सिगारेटचा धूर आणि अश्रुधूर ओळखते. २००९ साली अमेरिकेतल्या स्वेन-एरिक योर्ड्ट यांच्या गटाने दाखवले, की मेथिल आयसोसायनेटही याच टीआरपीए-१ला झोंबते. भोपाळची मिरची म्हणजे खरे तर मोहरीचे कुलूप होते. आयसोसायनेट कुळातले पदार्थ रंगाच्या फवारणीत आणि फोमच्या कारखान्यांत वापरले जातात आणि कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याची ती एक मोठी कारणे आहेत. त्याच वर्षी याच गटाने आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. टीआरपीए-१ नसलेल्या उंदरांना अ‍ॅलर्जी जडवली, तर त्यांच्या फुप्फुसात दाहपेशी फारच कमी जमल्या.

म्हणजे चेतातंतू केवळ सूज आणत नव्हते. ते रोगप्रतिकारपेशींना बोलावतही होते. २०१५ साली बॉस्टनमधल्या क्लिफर्ड वूल्फ यांच्या गटाने हा संवाद बराच उलगडला. अ‍ॅलर्जीत पेशींनी सोडलेले इंटरल्यूकिन-५ हे प्रथिन चेतातंतूंना चेतवते. तंतू व्हीआयपी नावाचे पेप्टाइड सोडतात. ते पेशींना आणखी इंटरल्यूकिन-५ बनवायला लावते. असे हे चक्र आहे. झोंबलेल्या तंतूंची दारे उघडी असतात, त्यांतूनच आत शिरणारे एक बधिर करणारे औषध उंदरांना दिल्यावर हे चक्र मंदावले आणि दाह कमी झाला.

पण आदल्याच वर्षी चार्ल्स झुकर यांच्या गटाला वेगळेच दिसले होते. त्यांनी उंदरांतले टीआरपीव्ही-१ असलेले व्हेगसचे तंतू काढून टाकले. श्वासनलिका आवळणे थांबले. मात्र दाहपेशी होत्या तेवढ्याच राहिल्या. एका गटाच्या मते तंतू आग वाढवतात, दुसऱ्याच्या मते ते फक्त दार लावून घेतात. दोघांनी नेमके तेच तंतू गप्प केले नव्हते, हे त्यातले एक कारण असू शकते. पुढे २०१९ साली तर दिसले, की संवेदी तंतूंमधलेच दुसरे एक पेप्टाइड, सीजीआरपी, काही रोगप्रतिकारपेशींना आवरही घालते. कोतवाल कधी आरोळी ठोकतो आणि कधी लोकांना घरी पाठवतो.

औषधांपर्यंत यातले थोडेच आले आहे. संवेदी तंतूंवरचे एक ग्राही अडवणारे गेफापिक्संट हे औषध जुनाट खोकल्यासाठी जपानमध्ये २०२२ साली आणि युरोपीय संघात २०२३ साली मान्य झाले. ते खोकल्याचे औषध आहे, दम्याचे नव्हे. दम्यात आजही मुख्य आधार दाह कमी करणाऱ्या, श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉइडांचाच आहे.

मित्राला मी कळवले ते असे. ठसका आणि धाप यांची सुरुवात वेगळी, पण दोघांची वाट एकाच तंतूंवरून जाते. सोयाबीनच्या धुळीने ज्याची श्वासनलिका आधीच सुजली आहे, त्याचे तंतू हळवे झालेले असतात. म्हणून त्याला मग चुलीचा धूर, थंड हवा, फोडणी, अगदी मोठ्याने हसणेही पुरते. वर्गातले एखादे मूल खडूच्या धुळीने किंवा मैदानावर पळताना खोकू लागले, तर ते नाटक करत नसते. त्याच्या तंतूंचा उंबरठा खाली आलेला असतो. मळणीच्या दिवसांत अशा मुलाला यंत्राच्या वाऱ्याच्या बाजूला बसवू नये आणि त्याचा पंप दप्तरात असू द्यावा, एवढे शिक्षकाला सहज करता येते.

त्याचे उलट टपाली पत्र आले. मुलांनी पुढचा प्रश्न विचारला होता: यान्चोंचे उंदीर तिखटाने बधिर झाले, तर मग रोज मिरचीची धुरी घेतली, तर दमा बरा होईल का?

होणार नाही. कॅप्सेसिन बधिर करते ते आधी झोंबून, आणि दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेला तेवढे झोंबणे झटका आणायला पुरेसे असते. युरोपात काही डॉक्टर नाकासाठी कॅप्सेसिनचा फवारा वापरतात, पण आधी नाक बधिर करून. आणि तोही अ‍ॅलर्जी नसताना सतत वाहणाऱ्या नाकासाठी. अ‍ॅलर्जीच्या सर्दीत त्याचा उपयोग दिसून आलेला नाही.